गाडी धुण्याची गोष्ट: डेट्रॉईट, मीठ आणि फडकं



हिवाळा सुरू झाला की आमच्या मिशिगनमध्ये सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. मूळची काळी असो की लाल, जानेवारीत सगळ्या पांढुरक्या, मिठाने माखलेल्या. नवीन आलेली देसी मंडळी हमखास विचारतात, "एवढ्या थंडीत गाडी कशाला धुवायची? उद्या परत घाण होणारच की!" मीही एकेकाळी हेच म्हणायचो. त्याची शिक्षा भोगली, आणि त्या निमित्ताने जो इतिहास वाचला तो आज सांगतो.

मी १९९७ साली इथे आलो आणि एक जुनी सेकंडहँड गाडी घेतली. चार हिवाळे ती एकदाही धुतली नाही. उन्हाळ्यात पाऊस पडायचा, तेवढंच तिचं स्नान. २००१च्या मार्चमध्ये एका सिग्नलला ब्रेक दाबला, तर पाय जवळजवळ तळाला गेला. समोर शाळेची बस उभी. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली, म्हणून निभावलं. मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवली. ब्रेकच्या तेलाची लोखंडी नळी गंजून फुटली होती. त्याने एकच प्रश्न विचारला, "ही शेवटची कधी धुतली होतीस?" मी गप्प.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. इथे मीठच गाडीला खातं. गंमत म्हणजे हे मीठ डेट्रॉईटच्या पोटातूनच निघतं. शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. रस्त्यांवर सरसकट मीठ टाकायचं धोरण मात्र नंतरचं. न्यू हॅम्पशायर या राज्याने ते पहिल्यांदा १९४१-४२च्या हिवाळ्यात स्वीकारलं, आणि युद्धानंतर ते सगळीकडे पसरलं. मिठाच्या पाण्याने बर्फ वितळतो, रस्ता मोकळा होतो, माणसं वाचतात. पण तेच पाणी गाडीच्या खाली चिकटून बसतं. गाडी ऊबदार गराजमध्ये ठेवली तर ते गोठत नाही, त्यामुळे गंज उलट जोरात चढतो. म्हणजे मी गाडीचे लाड समजून जे करत होतो, तेच तिला मारत होतं!

आता मूळ गोष्ट. हेन्री फोर्डने १९१३ साली इथल्याच हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाईन सुरू केली. माणूस जागेवर उभा, गाडी पुढे सरकते, प्रत्येकाने एकच काम करायचं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१४ साली, डेट्रॉईटमध्येच फ्रँक मॅककॉर्मिक आणि जे. डब्ल्यू. हिंकल या दोघांनी गाड्यांची लाँड्री काढली. अमेरिकेतलं पहिलं कार वॉश म्हणून तिचं नाव घेतलं जातं. कल्पना फोर्डचीच, फक्त उलटी. तिथे गाडी बनते, इथे धुतली जाते. एकाने साबण लावायचा, दुसऱ्याने पाणी मारायचं, तिसऱ्याने पुसायचं. आणि गाडी पुढे सरकवायची कोणी? माणसांनीच, ढकलत ढकलत! यंत्र असं काही नव्हतंच. नावाला लाँड्री, बाकी सगळी हातांची कामं.

हे चित्र बदलायला तीसेक वर्षं गेली. १९४० साली हॉलिवूडमध्ये गाडी ओढून नेणारं यंत्र आलं, तरी धुणं हातानेच. १९४६ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला थॉमस सिम्पसनने अर्धस्वयंचलित कार वॉश काढलं. बंपरला आकडा लावून ओढायचं, डोक्यावरून पाण्याचे फवारे, माणसांनी चालवायचे ब्रश आणि शेवटी सुकवायला पन्नास हॉर्सपॉवरचा पंखा. पुढे १९५१ साली सिअ‍ॅटलमध्ये अँडरसन बंधूंनी हात न लावता धुणारी पूर्ण स्वयंचलित लाईन बसवली. 'एलिफंट कार वॉश' हे त्यांचं नाव आणि तिथला निऑनचा गुलाबी हत्ती सिअ‍ॅटलकरांना तोंडपाठ. ती १९५६ची पाटी बिआट्रिस हॅवरफील्ड या बाईंनी काढली होती. २०२० साली ती जागा बंद झाली, तेव्हा लोक हळहळले आणि मोठी पाटी शहराच्या इतिहास संग्रहालयाला दिली गेली. त्याच पट्ट्यात, ओरेगनमध्ये, डॅन हॅना नावाच्या गृहस्थाने १९५५ साली कार वॉश सुरू केलं आणि पुढच्या दशकात गाडीला चारी बाजूंनी वळसा घालणारा ब्रश आणला. सुरुवातीचे नायलॉनचे ब्रश रंगावर ओरखडे काढायचे, म्हणून नंतर मऊ कापडाच्या पट्ट्या आल्या.

हे सगळं वाचून मला वाटलं होतं की हातांचा प्रश्न १९५१ सालीच मिटला. तसं नाही हो. बोगद्यातून बाहेर आल्यावर फडकं घेऊन उभी असलेली माणसं तशीच राहिली, कारण कोपऱ्यांतलं पाणी यंत्राला टिपता येत नाही. आणि ती माणसं बहुतेक आपल्यासारखीच बाहेरून आलेली, फक्त आपल्यासारखा व्हिसा नसलेली. कॅलिफोर्नियात कित्येकांना पगारच नव्हता, नुसत्या टिपवर दिवस काढायचे. म्हणून २००३ साली तिथे खास कार वॉश कामगारांसाठी कायदा झाला. मालकाने नोंदणी करायची आणि बुडवलेल्या पगारासाठी एक निधी ठेवायचा. न्यूयॉर्कमध्ये कामगारांनी २०१२ पासून युनियन बांधायला घेतली आणि २०१५ साली शहराने परवाना सक्तीचा केला. पहिल्या लाँड्रीनंतर तब्बल शंभर वर्षांनी!

२००६ साली बाबा इथे आले होते. त्यांना मुद्दाम कार वॉशच्या बोगद्यातून नेलं. रंगीत फेस काचेवर पडला तसे लहान मुलासारखे हसले. बाहेर आल्यावर दोघेजण गाडी पुसायला लागले. बाबांनी काच खाली करून एकाला त्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, "बाबा, कशाला? दोन डॉलर दिले की झालं." ते म्हणाले, "अरे, आपल्या सोसायटीत अकरा वर्षं स्कूटर पुसायला यायचा, त्याचं नाव तरी तुला ठाऊक आहे का?" नव्हतं. रोज पहाटे बादली आणि पिवळं फडकं घेऊन येणारा, दसऱ्याला स्कूटर लख्ख करून झेंडूचा हार घालायला आमच्या हाती देणारा माणूस. मला फक्त त्याच्या बादलीचा आवाज आठवतो. बाबांना नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, मुलगी कितवीत ते ठाऊक होतं.

आता कामाचं. नवीन मंडळींनी एवढं बघावं. हिवाळ्यात गाडीच्या खालून फवारा मारणारं कार वॉशच निवडा, वरचं मेण वगैरे नंतर. ही माझी लहर नाही. २०१५ साली इथल्या वाहन सुरक्षा खात्याने जुन्या ट्रकच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची चौकशी संपवताना खालची बाजू धुवायचा सल्ला दिला होता. पाणी गाळून परत वापरत असतील तर उत्तमच, पण शेवटचा फवारा ताज्या पाण्याचा आहे ना ते विचारा. ड्राइव्हवेवर साबणाने धुवायचा मोह आवरा. बऱ्याच उपनगरांत ते पाणी पावसाच्या गटारातून थेट ओढ्यात जातं, कार वॉशचं सांडपाण्याच्या नळातून जातं. आणि शेवटी फडकं घेऊन कोणी उभं असेल तर काच खाली करा. टिप द्याच, पण नावही विचारा.

माझ्या नेहमीच्या जागी जो पुसायला असतो तो ग्वाटेमालाचा आहे. त्याने मला पहिल्याच दिवशी उलट विचारलं, "आणि तुझं?"

चूक भूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक मीठखाऊ डेट्रॉईटकर