जात्याची नात

कॉफी दळायचं यंत्र घ्यायचं ठरलं, की माणूस दुकानात जातो. बँकेतल्या कारकुनानं आधी इतिहासात जावं. तिथं शिरायला पैसे पडत नाहीत.

सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी मोखाहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. तारण नाही, जामीन नाही, आणि परतफेड अजून चालू! पुढं १८४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजोंनी हातानं फिरवायची कॉफीची चक्की काढली. मोटारगाड्या त्यांना नंतर सुचल्या.

गिरगावात ही मंडळी आधीपासूनच होती. दादोबा वामन खोतांचं नाव मिरवणाऱ्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन घरांतून बॉटल मसाला कुटला जाई. आसपासच्या घरांत मेतकूट जात्यावर दळलं जाई. खलबत्ता कुटतो, जातं दळतं. मिक्सर मात्र नुसते तुकडे करतो. निम्म्या बियांचं पीठ होतं, निम्म्यांची कणी राहते. पीठ कडू उतरतं, कणी आंबट. चक्कीत जात्यासारखे दोन दातेरी भाग असतात. त्यांतलं अंतर ठरवता येतं, म्हणून भरड सारखी पडते.

तेव्हा नवशिक्यानं खिसा चाचपून हातचक्कीच घ्यावी. मोटारीचे वाचलेले पैसे चांगल्या दात्यांवर खर्च होतात. दुधात जायफळ घालूनच उकळायची असेल, तर खलबत्ता पुरे. जायफळापुढं भरडीची चौकशी कोण करतो?

वाडीतली जुनी घरं एकेक करून कमी झाली, जाती त्याआधीच गेली. आजीचं जातं आपण फुकट देऊन टाकलं. आता त्याची नात पैसे मोजून घरी आणायची. व्याज म्हणतात ते हेच!