पॅरिसखालचे खारे ऊन पाणी

फ्रान्सच्या डोंगराळ कांताल भागात शोद-एग नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या झऱ्याला 82 अंश सेल्सिअसचे पाणी आपसूक येते. ते नळांतून घरोघरी खेळवून हिवाळा काढण्याची रीत इतकी जुनी, की 1332 च्या कागदपत्रांतही तिचा उल्लेख सापडतो. पाणी डोळ्यांसमोर वाफाळत होते आणि घरे हाकेच्या अंतरावर होती. अंदाज बांधावा असे फारसे काही नव्हतेच.

पॅरिसचे तसे नव्हते. तिथले ऊन पाणी 1950 च्या दशकात हाती लागले, तेही खनिज तेल शोधताना. जमिनीखाली दीड ते दोन किलोमीटरवर ‘डॉगर’ नावाचा ज्युरासिक काळातला चुनखडीचा थर आहे. त्यातल्या पाण्याचे तापमान साधारण 55 ते 80 अंश. वाफेवर मोठी जनित्रे फिरवायला ते तोकडे, पण घरे उबदार ठेवायला भरपूर.

पहिला डाव मात्र फसला. 1962 मध्ये कारियेर-स्यूर-सेन इथे विहीर खोदली, तेव्हा पाणी गरम निघाले आणि तितकेच खारटही. उष्णता काढून घेतल्यावर ते सोडायचे कुठे? विहीर सोडून द्यावी लागली.

उत्तर 1969 मध्ये मलं शहरात सापडले: एक नव्हे, दोन विहिरी. एकीतून पाणी वर घ्यायचे, त्याची ऊब टायटॅनियमच्या पत्र्यांमधून गोड्या पाण्याला द्यायची आणि थंडावलेले खारे पाणी दुसरीतून त्याच थरात परत सोडायचे. मग हिशेबही बदलला. तासाला किती पाणी मिळेल, परतलेले थंड पाणी पहिल्या विहिरीपर्यंत किती वर्षांनी पोहोचेल, नळ टाकणे परवडेल इतक्या दाट इमारती जवळ आहेत का, हे सगळे तापमानाइतकेच मोलाचे ठरले.

1973 आणि 1979 च्या तेलसंकटांनी या योजनांना जोर आला. विहीर कोरडी गेली तर नुकसान भरून देणारा हमीनिधी सरकारने उभा केला आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा पन्नासच्या आसपास जोड्या पॅरिस परिसरात उभ्या राहिल्या.

मग पाण्यातल्या रसायनांनी हिशेब बिघडवला. विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड पोलादी नळ कुरतडू लागले. लोह सल्फाइडची पुटे चढून प्रवाह आटला. त्यातच 1986 मध्ये तेल स्वस्त झाले. कर्जाच्या व्याजाखाली वाकलेल्या कित्येक योजना बंद पडल्या. ज्या टिकल्या, त्यांनी बारीक नळीने थेट विहिरीच्या तळाशी गंजरोधक रसायन सोडायला सुरुवात केली.

त्यानंतर काही वर्षे नव्या विहिरी जवळपास थांबल्याच होत्या. पुढे 2011 च्या सुमारास ओर्ली विमानतळ याच थरातल्या सुमारे 74 अंशांच्या पाण्यावर तापू लागला. काशां उपनगरात जुन्या विहिरींच्या जागी नव्या खोदल्या गेल्या, त्या सरळ खाली जाऊन न थांबता डॉगरच्या थरात जवळजवळ आडव्या वळवल्या आहेत; त्यामुळे एकाच विहिरीला अधिक पाणी मिळते.