दहा दिनारची मागची बाजू

खिशातली कुठलीही नोट काढा, मोबाइलचा कॅमेरा झूम करा आणि गांधीजींना जरा बाजूला ठेवून ती बारीक जाळी बघा. एकमेकींतून वळत जाणाऱ्या त्या रेघांना गिलोश म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या कोरायला खास लेथ वापरत, आज सॉफ्टवेअर वापरतात. गणित मात्र लहानपणीच्या स्पायरोग्राफचंच. हे सगळं शोभेसाठी नसतं. खोटी नोट छापणाऱ्याला त्या रेघा जुळवता येऊ नयेत, यासाठी असतं.

मग या जागी मेहंदीची नक्षी का नको? स्त्रियांचा सन्मान म्हणून? पहिल्यांदा ऐकताना ही कल्पना आठ मार्चच्या फॉरवर्डसारखी गोडगोड वाटते. पण ट्युनिशियाने तिच्या फार जवळ जाणारी एक नोट काढली आहे, आणि ती गोडगोड नाही.

२७ मार्च २०२० रोजी तिथली १० दिनारची नवी नोट आली. देशात कोविडचा लॉकडाऊन लागून आठवडाही झाला नव्हता, आणि नोटेवर चेहरा होता एका डॉक्टरचा: तौहिदा बेन शेख. (त्याआधी १० दिनारच्या एका नोटेवर एलिसा होती, कार्थेज वसवणारी. पण ती दंतकथेतली राणी. दंतकथेतल्या बायकांना मान देणं कुठल्याच देशाला जड जात नाही.)

तौहिदांचा जन्म १९०९चा. वडील लवकर गेले, आईने वाढवलं. ट्युनिशिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. १९२८ साली त्या बाकालोरेआ, म्हणजे आपल्याकडच्या बारावीसारखी परीक्षा, पास झाल्या. ती पास होणारी ती पहिली ट्युनिशियन मुस्लिम मुलगी. पुढे मेडिकलला पॅरिस. घरातल्या मोठ्यांचा विरोध होता, आई हटली नाही. १९३६ मध्ये डॉक्टर होऊन परत आल्या आणि ट्युनिसमध्ये दवाखाना टाकला. नंतर त्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाच्या प्रमुख झाल्या आणि साठच्या दशकात कुटुंबनियोजनाच्या कामात उतरल्या. मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, हे बाईने ठरवावं यासाठी त्यांनी काम केलं. २०१० मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी गेल्या. अशा बाईला नोटेवर आणणं म्हणजे नुसती ‘पहिली महिला’ साजरी करणं नव्हे.

आता नोट उलटी करा. मागे सेजनानची मातीची भांडी आणि अमाझिग दागिने आहेत. माझ्या दृष्टीने नोटेची खरी गंमत इथे आहे.

सेजनान हे ट्युनिशियाच्या उत्तरेकडचं गाव. तिथली भांडी बायका करतात. ओढ्याच्या पात्रातून माती खणायची, कुटायची, भिजवायची, मळायची. चाक नाही, सगळं हातावर. भट्टीही नाही, उघड्यावरच्या जाळात भाजायचं. नक्षी दोनच रंगांची, लाल आणि काळी. लाल रंग मातीचा. काळा मॅस्टिकच्या झुडपाच्या पानांचा: लावताना हिरवा, आच लागली की काळा. मेहंदीचंही असंच की! पाल्यात दिसतो एक रंग, हातावर उमटतो दुसरा.

नक्षीत त्रिकोण, चौकटी, नागमोडी रेघा, ठिपके. २०१८ मध्ये युनेस्कोने या बायकांच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ही नक्षी पारंपरिक गोंदणाची आणि अमाझिग विणकामाची आठवण करून देते, असंही नोंदवलं. म्हणजे जे हनुवटीवर, कपाळावर, मनगटावर गोंदलं जायचं, तेच मडक्यावर. स्वातंत्र्यानंतरच्या पिढ्यांनी गोंदणं जवळपास सोडलं. आपल्याकडेही आजीच्या हनुवटीवरचे हिरवे ठिपके आईच्या हनुवटीवर नसतात. लग्नात मेहंदी आणि हरकूस नावाची काळी नक्षी तिकडे अजून आहे, पण ती काही दिवसांत पुसली जाते. गोंदण त्या बाईबरोबर संपतं. मडकं फुटतं. नोटेवर मात्र ती खूण सरकारी शाईत, लाखो प्रतींत छापली गेली.

मला खटकतं ते हे: पुढे चेहरा आहे, मागे फक्त वस्तू आहेत. डॉक्टरबाईंना नाव आहे, कुंभारणींना नाही. आपल्या १०० रुपयांच्या जांभळट नोटेवरही पाटणची रानी की वाव आहे, शब्दही छापलेत, पण कुठली राणी? अकराव्या शतकातली उदयमती, असं मानतात. तिचं नाव नोटेवर नाही. भारतातल्या नोटांवर चेहऱ्याने आलेली ठळक बाई म्हणजे १८६१च्या मालिकेतली व्हिक्टोरिया, आणि ती मालिकाही नकली नोटांच्या त्रासामुळे काही वर्षांतच बदलावी लागली.

तरीही चेहरा की नक्षी, असं कुणी विचारलं तर मी दोन्ही म्हणेन, आणि नक्षीसाठी जास्त भांडेन. चेहऱ्यासाठी निवड समिती एकच बाई शोधते, पहिली, अपवादात्मक, पुतळा करण्याजोगी. नक्षी एकटीची नसते. ती आईकडून, मावशीकडून, शेजारणीकडून हातात येते आणि कुणाच्या सहीविना पुढे जाते. सेजनानच्या बायका ती आजही काढतात आणि भांडी रस्त्याच्या कडेला मांडून विकतात. गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि दहा दिनार काढून देतं.