कुटण्यापासून कोफ्त्यापर्यंत

'कोफ्ता' हा शब्द आला फारसीतल्या 'कोफ्तन'वरून. अर्थ, कुटणे. अल-बगदादी याने १२२६ साली लिहिलेल्या पाकग्रंथात कुटलेल्या मांसाचे गोळे जागोजागी भेटतात. मांस हाताने कुटायचे म्हणजे राबणारी माणसे हवीत. म्हणून हा पदार्थ बराच काळ सधन घरांचाच राहिला. स्वीडनमधल्या काइसा वार्गबाईंच्या १७५५ सालच्या पुस्तकातही तो आहे. पण तिथल्या सामान्यांच्या ताटात तो आला एकोणिसाव्या शतकात, खिमा करायचे यंत्र निघाल्यावर.

या साऱ्या इतिहासात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गोळ्यात काय दडले आहे, हे फक्त वळणाऱ्यालाच ठाऊक असते. बाजारच्या तयार गोळ्यांत बहुधा मीठ आणि चरबी जास्त. घरी मात्र कमी चरबीच्या खिम्यात किसलेले गाजर, बारीक चिरलेला पालक, भिजवून पिळलेला पाव आणि एक अंडे घालून मळता येते. लहान गोळे तळण्याऐवजी टोमॅटोच्या रश्श्यात आतपर्यंत शिजवावेत. वळायला मुलांनाच बसवावे, आधी आणि नंतर हात धुवायला लावून. स्वतः वळलेला गोळा मूल सहसा ताटात टाकत नाही.