काळी जमीन आणि एचपीचा आकडा

नागपूर शहरालगत हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. असा कोणताही ट्रॅक्टर दुकानात पोचला की गिऱ्हाईक पहिल्यांदा एकच गोष्ट विचारते, किती एचपीचा? किंमत, डिझेल आणि कर्जाचा हप्ता या गोष्टी नंतर येतात. बैलजोडीची ताकद ढोबळमानाने एक अश्वशक्ती धरतात, म्हणजे ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेणारा माणूस हिशेबापुरत्या पंचेचाळीस जोड्या दारात बांधतो. जमिनीचे तुकडे होत असताना हा आकडा मात्र वाढत गेला, त्यामुळे एचपीची ही सगळी चढाओढ हौसेची, मिरवण्याची आणि कंपन्यांनी लावलेली आहे, असे सर्रास बोलले जाते. मला हे पटत नाही. विदर्भात एचपी वाढला तो भाड्याच्या धंद्याने, आणि काळ्या जमिनीत पेरणीआधी हाती येणाऱ्या मोजक्या दिवसांनी. त्या वाढीत हिशेब होता. मात्र तो ट्रॅक्टरच्या धन्याचा हिशेब होता, जमिनीचा नव्हता, आणि खरी काळजी मला तिथे वाटते.

या प्रांतात मोठी यंत्रशक्ती पहिल्यांदा आली ती एका गवतामुळे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातली गव्हाची रानेच्या राने पडीक राहिली आणि सागर, दमोह, नर्मदेचे खोरे या पट्ट्यातल्या काळ्या जमिनींत कांस माजला. कांसाची मुळे इतकी खोल जातात की बैलाच्या नांगराने वरचा भाग छाटला तरी खालून पुन्हा कोंब फुटतात. लाकडी नांगर ओढणाऱ्या जोडीचे तिथे काही चालत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराचे शिल्लक राहिलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला सुरुवातीची जी कर्जे दिली, त्यांतले १ कोटी डॉलरचे कर्ज शेतीच्या यंत्रांसाठी होते, आणि त्यामागे कांस उखडून जमीन लागवडीखाली आणण्याचा हेतू होता. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होते आणि १९५६ पर्यंत राहिले. ती साखळीपट्ट्यांची अवजड यंत्रे शेतकऱ्यांच्या मालकीची नव्हती. सरकारी पथक यायचे, रान उलथून पुढच्या गावाला जायचे, आणि शेतकऱ्याच्या नावे एकरी आकार लागायचा. म्हणजे आपल्या भागाची आणि ट्रॅक्टरची ओळखच मुळी एकरी दराने झाली. पुढच्या सगळ्या इतिहासाला हे वळण तिथेच लागले असे मला वाटते.

खाजगी मालकीचा ट्रॅक्टर आला तो मात्र लहान. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर ३५ एचपीचा होता. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि १९८३ पासून महिंद्रा देशात पहिल्या क्रमांकावर आहे. फरिदाबादला आयशरने १९५९ मध्येच सुरुवात केली होती. पंजाबात स्वराज ७२४ आला १९७४ मध्ये, तो २५ एचपीच्या आसपासचा. झेटर, उर्सुस, बेलारूस ही पूर्व युरोपातली नावेही याच काळात आपल्याकडे रुळली. या कंपन्यांत तेव्हाही चुरस होती, पण ती किंमत, डिझेल आणि सुटे भाग यांवर चालली. अनेक वर्षे गाडी पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यानच राहिली, आणि त्याला साधे कारण होते. ट्रॅक्टरचे मुख्य काम नांगरट हे होते आणि नांगरटीला फार एचपी लागत नाही.

हे विधान धाडसी वाटेल, म्हणून आकडा मांडतो. नांगर ओढायला एक टन जोर लागतो आणि ट्रॅक्टर सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालतो असे धरा. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर काम. हजाराला पंचाहत्तरने भागले की साडेतेरा एचपीसुद्धा भरत नाहीत. चाकांची घसरण आणि गिअरमधला तोटा धरून हा आकडा दुप्पट केला तरी तिशीच्या आत राहतो. नांगरताना इंजिन दमायच्या आधी चाक फिरते. म्हणूनच मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, रिमला लोखंडी वजने जोडतात, आणि नांगर जास्त रुतला की चालक हायड्रॉलिकचा दांडा जरा वर घेतो. ओढ मिळते ती वजनातून आणि चाकाच्या पकडीतून. एचपीने मिळतो तो वेग. ओढ आणि वेग यांतला हा फरक ध्यानात घेतल्याखेरीज पुढची चढाओढ उलगडत नाही.

वेगाची गरज काळ्या जमिनीत दुसऱ्या कोणत्याही जमिनीपेक्षा निकडीची असते. मे महिन्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकूळ दगडासारखे होते. दोन पाऊस झाले की तीच जमीन चिकट होऊन चाकाला थापून बसते. या दोन टोकांच्या मध्ये वाफशाचे थोडेसे दिवस मिळतात, आणि गावातल्या प्रत्येकाला त्याच दिवसांत वखरणी करून तिफण सोडायची असते. पूर्वी घरोघरी बैल होते, म्हणून गावाचे काम एकाच वेळी अनेक वावरांत चालायचे. बैल कमी झाले आणि तेच काम गावातल्या चार-दोन ट्रॅक्टरांवर येऊन पडले. मग वाफशाच्या एका दिवसात कोण किती एकर उरकतो, यावर ट्रॅक्टरवाल्याची वर्षाची कमाई ठरू लागली. दर एकरावर असेल तर दिवसाला जास्त एकर काढणारे यंत्र हेच फायद्याचे. जास्त एचपी घेणे म्हणजे वाफशाचे तास विकत घेणे होते.

त्यात पीटीओवर चालणारी अवजारे आली. ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला ५४० फेरे फिरणारा जो खाचांचा दांडा असतो, त्याला जोडलेला रोटाव्हेटर इंजिनाची शक्ती थेट मातीत उतरवतो. नांगरापुढे चाकाच्या पकडीची जी मर्यादा होती, ती इथे उरत नाही. पाच फुटी रोटाव्हेटरला चाळीसच्या आसपास एचपी लागतात, सहा फुटीला ४५ ते ५०. रोटाव्हेटर एक फूट रुंद झाला की एचपीची पुढची पायरी चढावी लागते. सोयाबीन विदर्भात पसरले तसे थ्रेशर आले, आणि थ्रेशरचे भाडे हा ट्रॅक्टरवाल्याचा दुसरा हंगाम झाला. जिनिंगला कापूस नेणारी बंडी जाऊन ट्रॉली आली, विटा-रेतीची वाहतूक बारमाही झाली, आणि भरल्या ट्रॉलीसह चढ चढायचा तर खालच्या गिअरवर रखडणारे इंजिन परवडेना. ४५ एचपीचे ट्रॅक्टर खेडोपाडी रुळले ते या कामांमुळे. नांगरट तर पस्तीसवालाही करत होता.

आता मुख्य आक्षेप. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातले सरासरी शेतखाते ४.२८ हेक्टरचे होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. जमीन एक तृतीयांशाहून कमी उरली आणि इंजिन मोठे झाले, हा वेडेपणा नाही तर काय, असे विचारले जाते. पण हा प्रश्न एक मालक आणि एक वावर असे गृहीत धरतो. ट्रॅक्टर धन्याच्या तीन एकरांसाठी घेतलेला नसतो, तो गावच्या शंभर-दीडशे एकरांसाठी घेतलेला असतो. तुकडे जितके लहान तितके स्वतःचे बैल किंवा ट्रॅक्टर ठेवू न शकणारे शेतकरी जास्त, आणि तितकेच भाड्याचे गिऱ्हाईकही जास्त. म्हणजे जमीन लहान होणे हेच इंजिन मोठे होण्याचे कारण ठरले. याचा उलटा पुरावा संत्र्याच्या बागांत मिळतो. काटोल, वरूड, मोर्शी या पट्ट्यात सहा-सहा मीटरवर लावलेल्या झाडांमधून आणि खाली आलेल्या फांद्यांखालून जायचे तर बुटके, अरुंद यंत्रच लागते. तिथे पंधरा ते तीस एचपीचे ट्रॅक्टर आनंदाने घेतले जातात. निव्वळ मिरवण्याची गोष्ट असती तर चार पैसे गाठीला असलेल्या बागायतदाराने सगळ्यात मोठा आकडा घेतला असता.

हौसेने पळणारी शर्यत पाहायची असेल तर अमेरिकेतल्या डिझेल पिकअप गाड्यांची पाहावी. १९८९ च्या डॉज रॅममध्ये कमिन्सचे इंजिन आले ते १६० अश्वशक्तीचे. त्या वेळी तेवढ्याने ट्रेलर ओढणाऱ्यांचे मन जिंकले. पुढे तिन्ही मोठ्या कंपन्या एकमेकींच्या आकड्यावर आकडा चढवत गेल्या. २०१० मध्ये जनरल मोटर्सने ३९७ अश्वशक्ती जाहीर केल्यावर फोर्डने आपल्या ३९० च्या इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ते ४०० वर नेले, आणि आधी विकलेल्या गाड्यांनाही तो बदल फुकट करून दिला. २०२३ पर्यंत फोर्डचा आकडा ५०० वर गेला. यांतल्या कित्येक गाड्या एकटा माणूस घेऊन दुकान-कचेरीत जातो. तिथे आकड्याला वरची हद्द अशी नाहीच.

आपल्याकडे हद्द आहे, आणि ती सरकारी नियमाने आखली. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ हे कडक निकष लागू झाले. त्यासाठी कॉमन-रेलसारखी इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा लागते आणि ट्रॅक्टर महाग होतो. ५० च्या आतले ट्रॅक्टर जुन्या निकषांवर राहिले. लगेच सगळ्या कंपन्यांची गर्दी ४७, ४९, साडेएकोणपन्नास अशा आकड्यांवर झाली. वर चढणारी शर्यत एका रेषेला येऊन थडकली, आणि आकडा तेवढाच ठेवून खाली ओढ, गिअर आणि उचल यांवर लढत सुरू झाली. यावर कोणी म्हणेल की मग कंपन्याच आकडा ठरवतात हे सिद्ध झाले. अर्धे खरे आहे. आकडा कुठे थांबवायचा हे कंपन्यांनी नियम पाहून ठरवले. पण पन्नासच्या आतला ट्रॅक्टर एवढा खपतो तो भाड्याच्या धंद्याला तेवढाच पुरतो आणि परवडतो म्हणून. गिऱ्हाईकाने साठ-पासष्टची मागणी रेटली असती तर महागडे इंजिन घालूनही कंपन्यांनी ते पुढे आणले असते.

इथवर मी ट्रॅक्टरवाल्याची बाजू घेतली, कारण त्याला बढाईखोर ठरवणे अन्यायाचे आहे. जमिनीची बाजू मात्र वेगळी निघते. रोटाव्हेटरची इंग्रजी एल आकाराची पाती चार-पाच इंच माती दळून मऊसूत करतात आणि वावर पाहणाऱ्याला समाधान वाटते. त्याच पात्यांच्या टोकांनी खालचा थर दरवर्षी त्याच खोलीवर रगडला जातो. दोन टनांचे यंत्र ओलसर काळ्या मातीवरून वारंवार गेले की तो आणखी दाबला जातो. वाफसा पुरता येण्याआधीच मागे लागलेल्या दहा गिऱ्हाइकांपायी ट्रॅक्टर वावरात घातला, तर हे नुकसान सगळ्यात जास्त. मग पाऊस खाली मुरत नाही, तुरीचे सोटमूळ त्या थराशी अडून वाकते, आणि पाणी साचून पऱ्हाटी पिवळी पडते. एकरी दराच्या धंद्यात हा खर्च कोणाच्याच वहीत येत नाही. भाडे घेणारा दुसऱ्या वावरात गेलेला असतो आणि भाडे देणाऱ्याला उतारा का घटला ते कळत नाही. कांस उखडायला आलेल्या यंत्रांनी माती खोलवर मोकळी केली होती. भाड्याच्या रोटाव्हेटरने ती वरवर दळून खाली घट्ट केली.

म्हणून शेतकऱ्यासमोर कोणता आकडा ठेवायचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा करून ट्रॅक्टरची सक्तीची चाचणी सुरू केली, कारण कंपन्यांच्या दाव्यांवर शेतकऱ्यांचा विश्वास उरला नव्हता. आपल्याकडे नर्मदाकाठी बुधनीला १९५५ मध्ये केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था निघाली आणि पुढे तिथे ट्रॅक्टरची चाचणीही होऊ लागली. ज्या पट्ट्यात कांसाशी झुंज झाली, त्याच पट्ट्यात ही संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर मिळणारी शक्ती, हुकावरची ओढ, ट्रॅक्टरचे वजन आणि तासाला लागणारे डिझेल हे सारे मोजून लिहिलेले असते. इंजिनाचे ४५ असतील तर पीटीओवर चाळीसच्या आसपास उरतात, आणि नांगरलेल्या रानात हुकावर त्याहून बरेच कमी. दुकानातल्या पत्रकावर ठळक छापला जातो तो मात्र इंजिनाचा आकडा. बुधनीचे मोजमाप मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक विक्रेत्याच्या भिंतीवर लावणे सरकारने सक्तीचे करावे. त्यात वजनाची आणि टायरच्या दाबाची ओळ अगदी वर असावी, म्हणजे आपल्या वावरावर काय चालून जाणार आहे हे ट्रॅक्टर घेणाऱ्याला आणि तो भाड्याने बोलावणाऱ्याला आधी कळेल.