भोंग्याआधी हेडफोन

१९२७ सालच्या मुंबईत साध्या माणसाला रेडिओ कानाला लावूनच ऐकावा लागे. २३ जुलैला लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॅट, परवान्याची फी वर्षाला दहा रुपये. त्यातल्या त्यात परवडणारा संच म्हणजे क्रिस्टल सेट: शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि उंचावर ताणलेली एरियल. त्याला बॅटरी लागत नसे, वीजही नाही. एरियलमध्ये जेवढी ऊर्जा उतरेल तेवढ्यावरच आवाज निघायचा, आणि तो खोलीभर पसरणं शक्यच नव्हतं. एकानं हेडफोन लावून ऐकायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. श्रोते वाढले नाहीत, कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि तिचं केंद्र सरकारच्या ताब्यात गेलं.

कानात अडकलेल्या या आवाजाला बाहेर काढलं ते व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरनं. क्षीण विद्युतप्रवाहाची तशीच, पण ताकदवान नक्कल करायची, हे अ‍ॅम्प्लिफायरचं काम. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हा पडद्यावरचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं ते त्याच जोरावर.

थिएटरला चार भिंती तरी असतात. मैदानातल्या हजारोंना ऐकवणं हा वेगळाच मामला होता, आणि त्यात नाव कमावलं ते ‘शिकागो रेडिओ’नं. नाव अमेरिकेतलं, घराणं सिंधी, पेढी मुंबईची! ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सक्करला सुरू केलेला धंदा पुढे मुंबईत आला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवू लागले. गांधी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रं नीट पाहिली, तर माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरं दिसतात. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. पत्ते बदलत चाललेलं ते केंद्र १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं, तेही गिरगावातल्या पारेखवाडीत. पुढच्या खटल्यात आरोपींमध्ये नानिक मोटवानेही होते. ते निर्दोष सुटले, उषाताईंना मात्र चार वर्षांची शिक्षा झाली.

गिरणगावाला मोठ्या आवाजाचं अप्रूप नव्हतं. साच्यांच्या खडखडाटात आठ तास काढलेल्या माणसांसमोर शाहिरी करायची, तर अमर शेखांसारखा पहाडी गळाच हवा. सार्वजनिक गणपती १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत बसतो, लालबागचा राजा १९३४ पासून. मंडपावर भोंगा चढला तो नंतर. थोड्या वॅटमध्ये आवाज लांब फेकायचा, तर पत्र्याच्या भोंग्यासारखी सोय नाही. पण तो खर्ज गिळतो आणि मधले-वरचे सूर तेवढे पुढे ढकलतो. भोंग्यातून येणारी आरती आणि राजकीय भाषण दोन्ही सारखीच चिरकी का वाटतात, याचं उत्तर या पत्र्याच्या आकारात आहे.

आणि मग बेंजो. लालबाग-परळच्या मिरवणुकीची ओळख झालेल्या या वाद्याचं मूळ थेट जपानात आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं. तारा आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलं ते घरगुती वाद्य भारतात ‘बुलबुल तरंग’ झालं. त्याचा मूळ आवाज इतका नाजूक की ढोल-ताशाच्या शेजारी तो ऐकूच येऊ नये. मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि अ‍ॅम्प्लिफायर, भोंगे, जनरेटर असा सगळा संसार गाडीवर चढवला. दिवाणखान्यातलं वाद्य रस्त्यावरचं झालं. आवाज थोडा फाटतो, पण त्या फाटण्यातच बेंजोची नशा आहे; तो स्वच्छ वाजला तर कुणी नाचणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर इथे नुसतं आवाज वाढवण्याचं साधन उरत नाही, तो वाद्याचाच अर्धा भाग होतो. जाणकार याला संगीताचा इतिहास मानायला बिचकतात. त्यांनी बिचकू नये.

या सगळ्याला लागणारा माल मिळे तो ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव पाटीवरून गेलं, दादासाहेब भडकमकरांचं आलं, तरी बाजार जुन्याच नावानं ओळखला जातो. ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, रिकामा डबा, सगळं सुटं घ्यायचं आणि घरी सोल्डरिंग करून जोडायचं. ‘२एन३०५५’ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर तर घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचा पाठीचा कणा. कंपनीच्या मालापेक्षा असा असेंबल केलेला डबा स्वस्त पडे, आणि बिघडला तर बनवणाराच दुरुस्त करी.

वॅट वाढत गेले, भोंग्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबेल, रात्री ४५. रात्री दहानंतरच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. सभांसाठी गाजलेलं शिवाजी पार्क २०१० मध्ये उच्च न्यायालयानं शांतता क्षेत्र ठरवलं.

आज अ‍ॅम्प्लिफायर मुठीत मावतो आणि एकाच माणसासाठी काम करतो. हेडफोनला वॅट नकोत, मिलिवॅट पुरतात. अमेरिकेतल्या चू मोय यांनी एक ऑप-अ‍ॅम्प आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. हौशी लोकांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला. त्याचे सगळे भाग लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळावेत असेच आहेत. तयार डबा घेणाऱ्याला पहिल्याच गाण्यात फरक जाणवतो, पण तो बहुतेकदा आवाज थोडा मोठा लागल्याचा असतो. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. म्हणून तुलना करताना दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. ३०० ओमचे हेडफोन असतील, तर फोनमधून मिळणारा साधारण एक व्होल्ट तोकडा पडू शकतो आणि तिथे हा खर्च सार्थकी लागतो. १६ किंवा ३२ ओमचे साधे इअरफोन वापरणाऱ्यानं तो करू नये. तेच पैसे चांगल्या हेडफोनवर घालावेत.