कुत्रा पाळल्याने हृदयाला खरंच फायदा होतो का?

हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर रुग्ण घरी जायला निघाला की नातेवाइकांच्या प्रश्नांत कधी कधी कुत्र्याचाही विषय निघतो. काहींच्या घरी आधीपासून कुत्रा असतो आणि त्याला आता दुसरीकडे द्यावं का, ही चिंता असते. काहींना उलट वाटतं: आई गेल्यापासून बाबा एकटे पडलेत, त्यांच्यासाठी कुत्रा आणला तर?

थोडक्यात उत्तर असं. घरात कुत्रा असेल तर बहुतेक हृदयरुग्णांनी तो दूर करण्याची गरज नसते; योग्य काळजी घेतली तर त्याचा फायदाच होऊ शकतो. मात्र केवळ हृदयासाठी म्हणून कुत्रा आणू नये. फायदा मुख्यतः त्याला रोज फिरवण्यातून आणि त्याच्या सोबतीतून मिळतो.

अभ्यास काय सांगतात?

स्वीडनमध्ये २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे कोणाकडे कुत्रा आहे आणि त्या व्यक्तीच्या तब्येतीचं पुढे काय झालं, हे तिथे सरकारी नोंदींवरून पाहता येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात सुमारे १ लाख ८२ हजार हार्ट अटॅकच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्के कमी आढळला. जोडीदार किंवा मुलांसोबत राहणाऱ्यांमध्ये हा फरक १५ टक्के होता.

हे आकडे नीट समजून घ्या. '३३ टक्के कमी' म्हणजे शंभरातले ३३ जण वाचले असं नाही. दोन गटांतल्या धोक्याची ती तुलना आहे. शिवाय ज्यांची तब्येत मुळातच बरी असते, तेच कुत्रा सांभाळू शकतात. त्यामुळे सगळं श्रेय कुत्र्याला देता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये हेच म्हटलं: कुत्रा पाळणं आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध दिसतो, पण केवळ धोका कमी करण्यासाठी प्राणी घरी आणू नये.

फायदा कशामुळे होत असावा?

*चालणं.* मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण 'उद्यापासून चालू' म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही. कुत्रा मात्र सकाळी दारात उभाच असतो. नियमित चालण्याने रक्तदाब, रक्तातली साखर आणि वजन आटोक्यात राहायला मदत होते.

*ताण कमी होणं.* ओळखीच्या कुत्र्याला शांतपणे कुरवाळताना अनेकांना हलकं वाटतं. अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन, कमी झालेलं आढळलं.

*सोबत.* निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर दिवसाला आकार राहत नाही. कुत्र्याला वेळेवर खायला द्यायचं म्हणून माणूस स्वतःही वेळेवर उठतो. बागेत चार लोक थांबून बोलतात. एकट्या रुग्णांमध्ये फरक जास्त दिसण्यामागे हेही एक कारण असू शकतं. शिवाय फिरवण्याचं सगळं काम त्यांच्यावरच येतं.

म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा: कुत्र्याला फिरवायला माणूस ठेवला असेल, तर चालण्याचा फायदा त्या माणसाला होईल, तुम्हाला नाही.

हृदयरुग्णांनी फिरवताना काय पाळावं?

- हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर कधीपासून आणि किती चालायचं, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा हातात घेऊ नका.
- कुत्रा दर खांबापाशी थांबतो. आधी त्याला हुंगू द्या, शी-शू उरकू द्या. मग सलग वीस-तीस मिनिटं चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरेसा आहे.
- उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, ऊन चढण्याआधी परत या. हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून चटका बसत असेल, तर रस्ता त्याच्या पायांनाही सोसणार नाही.
- चालताना छातीत दाब, दम, घाम किंवा चक्कर आली तर लगेच थांबा, बसा आणि १०८ ला फोन करा. 'घरी जाऊन बघू' म्हणू नका.

धोके कोणते?

*पडणं.* अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेल्या फ्रॅक्चरची संख्या २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ झाली. त्यात स्त्रिया जास्त होत्या. हाडं ठिसूळ असतील किंवा तोल जात असेल, तर मोठा, ताकदवान कुत्रा टाळा. पट्टा मनगटाला गुंडाळू नका.

*चावा आणि ओरखडा.* रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकतं. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिली आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर साध्या जखमेतूनही जास्त वेळ रक्त येतं. जखम घट्ट दाबून धरा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो.

*संसर्ग आणि ॲलर्जी.* कुत्र्यामुळे जंत, गजकर्ण, लेप्टोस्पायरोसिससारखे आजार माणसाला होऊ शकतात. त्याचं लसीकरण, जंतनाशक औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि तुमचं हात धुणं, एवढ्याने बराच धोका टळतो. घरात कोणाला दमा असेल, केमोथेरपी सुरू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

कुत्रा आणण्याआधी कुटुंबाने विचारायचे प्रश्न

- कुत्रा दहा-बारा वर्षं किंवा जास्तही जगतो. तितकी वर्षं त्याला सांभाळायला कोण आहे?
- बाबांना पुन्हा दवाखान्यात दाखल करावं लागलं, तर त्याला कोण पाहणार?
- खाणं, लशी, पशुवैद्यक यांचा खर्च पेन्शनमध्ये बसेल का?
- मुख्य म्हणजे, बाबांना स्वतःला कुत्रा हवा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर आणू नका. नको असलेली जबाबदारी ताण वाढवते. त्याऐवजी शेजाऱ्यांच्या कुत्र्यासोबत फेरी मारणं, चालण्याच्या गटात जाणं किंवा तुम्ही स्वतः रोज अर्धा तास त्यांच्यासोबत चालणं, हेही उत्तम.

आणि उत्तर 'हो' असेल, तर शांत स्वभावाचा, झेपेल असा कुत्रा निवडा. गोळ्या, पथ्य आणि तपासण्या मात्र चालूच ठेवा. कुत्र्यामुळे तुम्ही रोज घराबाहेर पडाल; औषधांची जागा तो घेऊ शकत नाही.